रणगाड्यातले डुकाकिस, तुरुंगाचं फिरतं दार आणि जर्सी सिटीतले आम्ही तिघे

ओसरीवरचा

परवा नातवानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. डोनाल्ड ट्रम्प, पांढरा शर्ट, लाल टाय, वरून ॲप्रन आणि हातात फ्राइजची जाळी. २०२४च्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या मॅकडोनाल्ड्समध्ये काढलेला फोटो. "आबा, मानलं पाहिजे ना?" मी म्हटलं, मानलं बुवा. पण डोळ्यांपुढे आला तो दुसराच माणूस. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली ओशाळं हसू, आणि बसलाय चक्क रणगाड्यात. मायकेल डुकाकिस, १९८८च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतले डेमोक्रॅटिक उमेदवार. या मंचावरच्या निम्म्या मंडळींचा तेव्हा जन्मही झाला नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी तेव्हा जर्सी सिटीत होतो. तिघांत मिळून दोन खोल्या, एक रंगीत टीव्ही, आणि तोही रस्त्याकडेला सोडून दिलेला उचलून आणलेला. मत द्यायचा हक्क आम्हा तिघांपैकी कुणालाच नव्हता. तरी संध्याकाळी कुकरची शिट्टी होईपर्यंत बातम्या लावून बसायचो. आदल्या वर्षीच आमच्या भागात 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्यानं भारतीयांवर हल्ले केले होते. बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून ते नाव. त्या हल्ल्यांत एकाचा जीव गेला होता. शेजारच्या वहिनी बसस्टॉपवर जाताना टिकली काढून पर्समध्ये ठेवायच्या, घरी आल्या की पुन्हा लावायच्या. तेव्हा 'कायदा-सुव्यवस्था' हा आमच्यासाठी टीव्हीवरचा शब्द नव्हता, एवढं ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

जुलैत डेमोक्रॅटांच्या अटलांटातल्या अधिवेशनानंतर डुकाकिस जनमत चाचणीत रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी पुढे होते. ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा, मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, हिशेबी माणूस. बुश तेव्हा रेगन यांचे उपाध्यक्ष, आणि त्यांच्यावर शिक्का कसला, तर मिळमिळीत असल्याचा! दुसऱ्या महायुद्धात ज्यांचं विमान पाडलं गेलं त्या नौदलाच्या वैमानिकाला एका मोठ्या साप्ताहिकानं मुखपृष्ठावर जवळजवळ भित्रा ठरवलं होतं.

मग हे उलटलं कसं? ते जिथे उलटायला लागलं ती खोली आमच्यापासून फार लांब नव्हती. न्यू जर्सीतल्या परॅमसमध्ये मे महिन्याच्या शेवटी बुश यांच्या माणसांनी तिसेक मतदार बोलावले. सगळे डुकाकिसकडे झुकलेले, पण आधी रेगन यांना मत दिलेले. आरशासारख्या काचेआड प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर आणि मंडळी बसलेली. मतदारांना एकेक गोष्ट सांगत गेले. या गव्हर्नरनं शाळेत राष्ट्रध्वजाची शपथ सक्तीची करणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. या गव्हर्नरच्या राज्यात जन्मठेपेचे खुनी सुट्टीवर बाहेर येतात. संध्याकाळ संपेपर्यंत निम्मे फिरले होते. पुढचे पाच महिने त्या खोलीत जे सापडलं तेच देशभर वाजवलं गेलं.

सप्टेंबरात बुश न्यू जर्सीतल्याच ब्लूमफील्डला झेंडे शिवणाऱ्या कारखान्यात गेले. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. माणूस झेंड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभा, मागेपुढे सगळं तांबडं-पांढरं-निळं. बोलले काय ते आज एक शब्द आठवत नाही. झेंडे आठवतात.

त्याच्या आठवडाभर आधी, १३ सप्टेंबरला, डुकाकिस मिशिगनमधल्या स्टर्लिंग हाइट्सला रणगाड्यांच्या कारखान्यात गेले होते. संरक्षणाच्या बाबतीत हा माणूस कच्चा आहे, हा आरोप पुसायचा होता. एम१ए१ रणगाड्यात चढले, हेल्मेट घातलं, त्यावर त्यांचंच नाव लिहिलेलं, आणि मैदानात दोन-चार चकरा मारल्या. बघायला बसवलेले पत्रकार खो-खो हसले. गंमत बघा, हा माणूस खरोखर सैन्यात होता, कोरियात नोकरी केलेला. पण ते कोण सांगणार? ऑक्टोबरात बुश यांनी तीच चित्रफीत उचलली, तिच्यावर डुकाकिसनी कुठल्या कुठल्या शस्त्रांना विरोध केला ती यादी सरकवली, आणि बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये दाखवली. विरोधकाला स्वतः काही चित्रित करावंच लागलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, तुरुंगाचं फिरतं दार. कृष्णधवल जाहिरात. कैदी एका फिरत्या दारातून आत जातायत आणि तसेच बाहेर येतायत. त्याआधी एका वेगळ्या गटानं विली हॉर्टन या काळ्या कैद्याचा फोटो दाखवणारी जाहिरात केबलवर चालवली होती. बुश यांचे लोक म्हणत, ती आमची नव्हे. पण दोन्ही मिळून जे व्हायचं ते झालं.

आता कबुली. ती जाहिरात बघून माझ्याही पोटात गोळा आला होता. आमच्या गल्लीत आम्हाला धमकावणारी पोरं गोरी होती. तरी त्या आठवड्यात रात्री पाथ ट्रेनमधून उतरल्यावर समोरून काळा माणूस आला की मी रस्ता ओलांडायचो. मार ज्यांच्याकडून खायची भीती होती त्यांचा चेहरा माझ्या डोक्यात नव्हता, टीव्हीनं दिलेला होता. हे मला कळायला काही वर्षं लागली.

८ नोव्हेंबरला बुश ४० राज्यं जिंकले. निवडणूकगणात, म्हणजे राज्यवार वाटलेल्या मतांत, ४२६ विरुद्ध १११. आणि त्या सगळ्या गदारोळात सेव्हिंग्ज अँड लोन संस्थांबद्दल, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या, आपल्या पतसंस्थांच्या मोठ्या चुलतभावंडांबद्दल, कुणी तोंड उघडलं नाही. त्या बुडत होत्या, दोन्ही पक्षांना ठाऊक होतं, आणि दोन्ही पक्षांचे हात त्यात होते. पुढच्याच वर्षी कायदा आला, आणि शेवटी करदात्यांच्या डोक्यावर १०० अब्ज डॉलरच्या वर बोजा बसला. एड्सनं माणसं पटापट मरत होती, त्याचंही तेच.

माझं म्हणणं एवढंच की फोटो खोटा असतो हा मुद्दा नाही. फोटोमुळे काय बोलायचं राहून जातं, ते बघा. तुम्हाला काय वाटतं?

चकली_भाजणी

वाचता वाचता पोळी करपली. 'टिकली काढून पर्समध्ये' हे वाचून कसंतरीच झालं. पुढचं येऊ द्या.

तिरकस

लेख छान, पण एका बाजूला कललेला वाटला. मला सांगा, हॉर्टन तुरुंगातून सुट्टीवर बाहेर आला, परतला नाही, आणि नंतर भयंकर गुन्हा केला, हे खोटं आहे का? नाही ना? मग मतदारानं गव्हर्नरला जाब विचारायचा नाही का? उद्या आपल्याकडे असं झालं तर आपणही गृहमंत्र्याला विचारणारच. तिथे मात्र लगेच 'वर्णद्वेष' म्हणून शिक्का मारायचा. चित्र कडवट आहे म्हणून ते चूक होत नाही.

संचित_रजा

माझं नाव बघूनच कळलं असेल, या विषयावर मला बोलावंच लागणार. तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो.

तिरकसराव, तुमचा प्रश्न रास्त आहे. आधी योजना काय होती ते बघू. आपल्याकडे फर्लो म्हणतात, कागदावर 'संचित रजा', तीच ही. पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा', ती वेगळी. आपल्याकडे १९५९ पासून याचे नियम आहेत आणि आजही रोज असे अर्ज पडतात. कैद्याचा घराशी धागा तुटू नये, उद्या सुटल्यावर तो माणसांत बसावा, हा हेतू. परवा एक म्हातारी माझ्याकडे मुलाच्या रजेचा कागद घेऊन आली होती. पिशवीत आधार कार्ड, पोलीस पाटलाचा दाखला, आणि त्यांच्याच मधे मुलाचा शाळेतला फोटो. तो कशाला आणला विचारलं तर म्हणाली, साहेबांना दाखवायला, पोरगं असं होतं.

आता मॅसॅच्युसेट्स. ही योजना डुकाकिसनी सुरू केलीच नाही. १९७२ साली फ्रान्सिस सार्जंट या रिपब्लिकन गव्हर्नरनं केली. पुढल्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्याच्या शब्दांत खुनाच्या कैद्यांना वगळलेलं नाही. विधिमंडळानं त्यांना वगळणारं विधेयक आणलं, त्यावर १९७६ मध्ये डुकाकिसनी नकाराधिकार वापरला. इथे ते जबाबदार, शंभर टक्के. हॉर्टन जून १९८६ मध्ये रजेवरून परतला नाही, एप्रिल १९८७ मध्ये मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर हल्ला केला. लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रानं हे प्रकरण लावून धरलं, त्यांना १९८८चं पुलित्झर मिळालं. लोकांनी सह्या गोळा केल्या, आणि एप्रिल १९८८ मध्ये डुकाकिसनी स्वतः सही करून खुनाच्या कैद्यांची रजा बंद केली.

तारीख बघा. एप्रिल. जाहिरात सप्टेंबर-ऑक्टोबरातली. म्हणजे प्रश्न पत्रकारांनी विचारला, लोकांनी रेटला, कायदा बदलला, आणि मग तो प्रचारात आला. रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना तिथेही अशी रजा होती, आणि १९८८ मध्ये खुद्द केंद्राच्या तुरुंगांतही होती. त्यावर एवढा गदारोळ नाही.

आणि नाव. तो माणूस सांगतो की त्याला सगळे विल्यम म्हणत. 'विली' प्रचारानं केलं. गणपतरावाचा गणप्या केला की ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिरकस

ही माहिती मला नव्हती, धन्यवाद. विली-विल्यमचा मुद्दा मान्य. पण मग डुकाकिसनी हे सगळं स्वतः का नाही सांगितलं? तुम्ही चार परिच्छेदांत सांगितलंत की.

ओसरीवरचा

हाच तर घोळ. त्यांना वाटायचं, असल्या आरोपांना उत्तर देणं म्हणजे त्यांना किंमत देणं. आपल्याकडे म्हणतात ना, हत्ती चालला की कुत्री भुंकतात. पण इथे हत्तीच मागे पडत गेला. ऑक्टोबरच्या शेवटी ते बोलायला लागले तेव्हा गाडी सुटली होती. ती आपली सगळ्यात मोठी चूक, असं ते नंतर स्वतः म्हणाले आहेत.

आणि १३ ऑक्टोबरची दोघा उमेदवारांची जाहीर चर्चा. लॉस एंजेलिसमध्ये. सीएनएनच्या बर्नार्ड शॉ यांचा पहिलाच प्रश्न होता की, तुमच्या पत्नीवर बलात्कार करून कुणी खून केला तर तुम्ही त्याला मृत्युदंड द्याल का? डुकाकिस शांतपणे म्हणाले, नाही, मी आयुष्यभर मृत्युदंडाच्या विरोधात आहे. आणि मग गुन्हेगारीचे आकडे, अमली पदार्थांविरुद्धची परिषद वगैरे. आमच्या खोलीतला एक जण मराठीत ओरडला, "अरे, चिड तरी!" उत्तर मुद्द्याला धरून होतं. नवरा मात्र उत्तरात कुठेच नव्हता. त्या रात्री मलाही त्यांचा राग आला होता. आज वाटतं, असला प्रश्न विचारणाऱ्याचा आधी यायला हवा होता.

लेन्समागून

मी लग्नं आणि सभा दोन्ही कव्हर करतो, त्यामुळे रणगाड्याच्या फोटोवर थोडं.

डुकाकिसच्या लोकांनी ही कल्पना हवेतून काढली नव्हती. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर १९८६ मध्ये पश्चिम जर्मनीत रणगाड्यात बसल्या होत्या. डोक्याला पांढरा स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. तो फोटो जगभर गाजला, आणि त्यांना शोभला. का शोभला? बाई आधीच लोखंडी म्हणून प्रसिद्ध होत्या, चार वर्षांपूर्वी अर्जेंटिनाशी फॉकलंडचं युद्ध जिंकून बसलेल्या. फोटोनं नवीन काही सांगितलं नाही, लोकांच्या मनात होतं त्यालाच चौकट दिली. डुकाकिसच्या बाबतीतही तेच झालं, फक्त मनात होतं ते उलटं होतं.

आणि तांत्रिक गोष्ट. हेल्मेट चेहऱ्याचा आकार खातं. कपाळ जातं, कान जातात, राहतात गाल आणि दात. मी नवरदेवालासुद्धा सांगतो, मुंडावळ्या जरा वर घ्या, भुवया दिसू द्या. भुवया गेल्या की माणूस कुणीही दिसतो. वर रणगाड्याच्या मानानं माणूस केवढासा, तेही दिसतं.

एडिसनची_मावशी

मी तीस वर्षं इकडे आहे, २०२४ मध्ये मतही दिलं, कुणाला ते विचारू नका, घरात आधीच दोन तट आहेत.

त्या मॅकडोनाल्ड्सच्या फोटोबद्दल. ते दुकान त्या वेळी लोकांसाठी बंद होतं. खिडकीशी आलेल्या गाड्या आधी तपासून घेतलेल्या. कमला हॅरिस सांगायच्या, मी कॉलेजात असताना मॅकडोनाल्ड्समध्ये काम केलंय, त्यांना चिमटा काढायला हा सगळा घाट. बरं, तो काढला, राजकारणात चालायचंच. पण मला जे लक्षात राहिलं ते वेगळं. त्याच खिडकीतून एका पत्रकारानं विचारलं, किमान वेतन वाढवायला हवं का? त्यावर ट्रम्प म्हणाले, ही माणसं फार कष्टाळू आहेत, आणि विषय तिथेच राहिला.

पेनसिल्व्हेनियात किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर आहे. २००९ पासून तेच, कारण केंद्राचंच तेवढं आहे आणि राज्यानं वर काही घातलेलं नाही. आमच्या न्यू जर्सीत त्याच्या दुप्पट. मधे फक्त डेलावेअर नदी. माझा भाचा कॉलेजात असताना पुलापलीकडे पिझ्झाच्या दुकानात लागला होता. पहिल्या आठवड्याचा चेक बघून म्हणाला, मावशी, पेट्रोलच जास्त झालं.

आता गंमत बघा. ॲप्रन घातलेला फोटो कोट्यवधींनी बघितला. त्या ॲप्रनची मजुरी किती, हा प्रश्न त्याच फोटोच्या चौकटीत विचारला गेला आणि तिथेच विरला. ओसरीवरचे आबा म्हणतात ते हेच.

डेमोक्रॅटही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत हं. त्यांच्या सभांना गायक, नट, सेलिब्रिटींची रांग. किराण्याचं बिल दीडपट झालेल्या बाईला त्या स्टेजवरून काय मिळालं?

नवशिका

प्रश्न बालिश वाटेल, पण आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असं काहीच का नसतं?

संचित_रजा

कारण तिथे मत खासदार-आमदारांचं. त्यांना दाखवायला रणगाडा लागत नाही. आपले रणगाडे विधानसभेला बाहेर येतात. अतिवृष्टी झाली की बांधावर जायचं, गुडघाभर चिखलात उभं राहायचं, हातात सडलेल्या सोयाबीनची पेंढी. फोटो झाला की ताफा पुढे. पंचनामा झाला का, हे विचारायला मागे तलाठीच उरतो. सगळे पक्ष, कुणा एकाचं नाव घेत नाही.

तिरकस

पण साहेब, बांधावर गेले नाहीत तर आपणच म्हणतो, "एसीत बसलेत." दोन्ही बाजूंनी मार!

संचित_रजा

तेही खरं. चिखलावर माझा आक्षेप नाहीच, फोटोनंतर कागद हलत नाही यावर आहे.

चकली_भाजणी

ॲटवॉटरचं पुढे काय झालं? असल्या माणसांचं नेहमी चांगलंच होतं.

ओसरीवरचा

नाही झालं. मेंदूत गाठ निघाली. १९९१च्या सुरुवातीला एका मासिकात त्यानं डुकाकिसची माफी मागितली, प्रचारातल्या 'नागड्या क्रूरते'बद्दल. मार्चमध्ये गेला, चाळिसाव्या वर्षी. माफी खरी होती की तीही प्रतिमाच, यावर तिकडे अजून वाद घालतात. मरणाऱ्या माणसाशी मी तो वाद घालणार नाही.

पण त्याहून मोठं जे झालं ते डेमोक्रॅटांच्या बाजूला. दार आपल्यावर पुन्हा फिरू नये म्हणून ते स्वतःच कडक झाले. जानेवारी १९९२ मध्ये आर्कान्सॉचे गव्हर्नर बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्षपदासाठीचा न्यू हॅम्पशायरचा प्रचार अर्धवट टाकून आर्कान्सॉला परतले. कशाला, तर मेंदूला इजा झालेल्या एका कैद्याचा मृत्युदंड अमलात येताना गव्हर्नर राज्यात हजर असावा म्हणून. १९९४ मध्ये गुन्हेगारीविरोधी मोठा कायदा आला, तुरुंग बांधायला पैसा आला. ३० सेकंदांची जाहिरात १९८८ मध्ये संपली नाही, तिचा हिशेब काळ्या वस्त्यांनी नंतरची वीस-पंचवीस वर्षं चुकता केला.

लेन्समागून

अवांतर : २०१३ मध्ये नौदलाच्या फुटबॉल संघानं ओबामांना हेल्मेट भेट दिलं, तर ते डोक्यावर घालेनात. म्हणाले, राष्ट्राध्यक्ष असताना डोक्यावर काही घालायचं नसतं, हा राजकारणातला पहिला धडा. पंचवीस वर्षांनीही डुकाकिसचं भूत त्या हेल्मेटमध्ये बसलेलं!

चकली_भाजणी

आमच्याकडे फेटा नको म्हणून बघा कुणी. आयोजकच स्टेजवरून ढकलतील.

संचित_रजा

फेटा-पगडी हे प्रकरण साधं नाही हो. २०१८ मध्ये पुण्यात शरद पवारांनी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी घाला म्हटलं, तर महिनाभर राज्यभर त्यावरच वाद. आपल्याकडे टोपीत जात असते.

नवशिका

आबा, तुमच्याबरोबर कामाला कुणी अमेरिकन होते का? त्यांचं मत कसं फिरलं, ते तुम्ही पाहिलंत का?

ओसरीवरचा

होता एक, माझ्याच ड्रॉइंग बोर्डाशेजारी बसायचा. आयरिश वंशाचा, युनियनवाला, बाप गोदीत हमाल. जुलैत डुकाकिसचा बिल्ला लावून यायचा. ऑक्टोबरात बिल्ला गेला. नोव्हेंबरात बुशना मत दिलं, हे त्यानंच सांगितलं.

पुढल्या वर्षी त्याची सेव्हिंग्ज अँड लोन बुडाली. विमा होता म्हणून ठेव वाचली, पण दोन दिवस रांगेत उभा होता, आणि पैसे हातात येईपर्यंत त्याची झोप उडाली होती. डबा खाताना मी सहज म्हटलं, यावर मागच्या वर्षी कुणीच कसं बोललं नाही? तो बराच वेळ सँडविचचा कागद घडी घालत बसला. मग म्हणाला, "ते असेल. पण त्या माणसाला ते हेल्मेट अजिबात शोभत नव्हतं."